‘लो बजेट’ म्हणजे कुणाचं बजेट?

दोस्तहो, हल्ली एक शब्द फार उंडारतोय. लो बजेट. फेस्टिव्हलच्या गुळगुळीत पुस्तिकेत लो बजेट, परिसंवादाच्या व्यासपीठावर लो बजेट, रात्री ग्लास भरल्यावर तर लो बजेटच लो बजेट. बापाचा पुण्यात बंगला, काका न्यूजर्सीत, शाळूसोबती कॅमेरे भाड्यानं देणारा, आणि साहेब माइकवर सांगतात, आमचे फार हाल झाले हो. पाऊस पडला. नट आजारी पडला. बैल बिथरला. समोरची मंडळी कौतुकानं हसतात, मग टाळ्या, मग समोसे.

पावसाशी आमचं भांडण नाही. पाऊस सगळ्यांवर पडतो, पत्र्यावर जरा जास्त वाजतो एवढंच. भांडण आहे ते या गोष्टी सांगायच्या पद्धतीशी. सिनेमा करताना जे जे अडतं, मोडतं, वाया जातं त्या सगळ्याला ही मंडळी एकच नाव देतात, अडचणी. एकाच गाठोड्यात ढग बांधतात आणि त्याच गाठोड्यात जात. आम्ही म्हणतो गाठोडं सोडा. आमच्या शूटिंगला जे बिघडलं त्यातलं निम्मं आपोआप बिघडलं, निम्मं बिघडवलं गेलं. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं आमच्या सिनेमावर लिहू नये. लिहिलंच तर आम्ही वाचणार नाही.

आधी त्यांची आवडती पोथी घेऊ. ‘पथेर पांचाली’. ऑक्टोबर १९५२ मध्ये सत्यजित राय यांनी कॅमेरा लावला. काशफुलांचं पांढरंशुभ्र रान, त्यात अपू आणि दुर्गा. एक दिवस शूटिंग झालं. पुढच्या रविवारी येऊन बघतात तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. उरलेल्या सीनसाठी फुलं पुन्हा उगवायची वाट बघत बसावं लागलं. मिठाईवाल्याचं काम करणारा माणूस मध्येच वारला, मग दुसऱ्या कुणाला पाठमोरा उभा करून वेळ मारून नेली. कुत्रा मेला, तसलाच दुसरा शोधला. बायकोचे दागिने गहाण पडले, विम्याची पॉलिसी गेली, पुस्तकं विकली. काम महिनोन् महिने बंद. म्हातारी चुनीबाला देवी शूटिंग संपेस्तोवर जगली, अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा अंगानं वाढली नाही, हे राय स्वतःच चमत्कार म्हणून सांगत. १९५५ ला पिक्चर लागला आणि जगानं टोपी काढली.

राय मोठा माणूस. त्याच्या कामापुढं आपणही टोपी काढतो. पण पोथी वाचणारे एक पान नेहमी गडबडीत उलटतात. पैसा संपला तेव्हा आईच्या ओळखीतून गोष्ट थेट मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या कानावर गेली, आणि सरकारनं पैसा दिला तो रस्ते सुधारणेच्या नावावर. आजोबांचा छापखाना, स्वतः जाहिरात कंपनीत आर्ट डायरेक्टर, घरात गहाण टाकण्याजोगं सोनं, विकण्याजोगी पुस्तकं, आणि आईला मुख्यमंत्र्यापर्यंत पोचवणारी माणसं. हे काही पाप नव्हे. पण याला शून्यातून उभं राहणं म्हणत असाल तर मग आमच्या शून्याला दुसरा आकडा शोधा. आमच्या आईच्या गळ्यात काळी पोत आणि दोन मणी. ते गहाण ठेवून लेन्सचं झाकणसुद्धा भाड्यानं मिळत नाही. आणि आमची आई ज्या मोठ्यात मोठ्या माणसाला ओळखते तो वॉर्ड ऑफिसातला मुकादम, तोही तिला ओळख देत नाही.

फाळक्यांचंही तसंच. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. विमा गहाण, सरस्वतीबाई रात्र रात्र जागून फिल्म धुताहेत, बाईचं काम करायला बाई मिळेना, कोठ्यावरच्यांनीही नाही म्हटलं, शेवटी हॉटेलच्या मुदपाकखान्यातला साळुंके नावाचा पोऱ्या तारामती झाला. ही गोष्ट आता लेकराबाळांनाही पाठ आहे. खुशाल सांगा. चांगली आहे.

पण मग ही दुसरी गोष्ट तुम्हाला पाठ का नाही?

तिरुवनंतपुरममध्ये जे. सी. डॅनियल नावाचा तरुण. जमीन विकली, स्टुडिओ उभा केला, ‘विगतकुमारन’ हा मल्याळममधला पहिला सिनेमा काढला. साल १९२८ की १९३० यावर विद्वान भांडतात, भांडू द्या. नायिका कोण? पी. के. रोझी. पुलय जातीची पोरगी, गवत कापून पोट भरणारी, लोकनाट्यात काम करणारी. तिला दिलं होतं नायर बाईचं काम. कॅपिटॉल थिएटरात पिक्चर लागला. पडद्यावर पुलय पोरगी नायरीण होऊन उभी आहे हे बघून सवर्णांची डोकी फिरली, दगड भिरकावले, पडदा फाडला. तेवढ्यावर भागलं नाही. तिचं घर जाळलं. ती जीव घेऊन तमिळनाडूत पळाली आणि उरलेलं आयुष्य नाव लपवून जगली. पुन्हा कॅमेऱ्यासमोर कधी आली नाही. डॅनियल कफल्लक झाला, त्याची फिल्मही आज उरलेली नाही. त्याच्या नावानं केरळ सरकार आता पुरस्कार देतं. रोझीच्या नावानं चेन्नईत पा. रंजितच्या नीलम कल्चरल सेंटरनं एप्रिल महिन्यात फिल्म फेस्टिव्हल सुरू केला, म्हणजे तिथंही आपल्याच माणसांना हात घालावा लागला.

आता सांगा, ही ‘अडचण’ होती? हा ‘निर्मितीतला अपघात’ होता? रायच्या फुलांना गुरांनी खाल्लं. रोझीच्या घराला माणसांनी आग लावली. लो बजेटच्या परिसंवादात दोन्ही गोष्टी एका दमात बसतात का ते बघा. बसत नाहीत, म्हणून तर दुसरी सांगतच नाहीत.

आमचं सांगतो. पुराण लावत नाही, कामापुरतं सांगतो. सिनेमा अडुसष्ट मिनिटांचा. ठेकेदाराकडे रोजावर गटार साफ करणारा एक माणूस, त्याची दहावीची परीक्षा देणारी पोरगी आणि एक रात्र. युनिट नऊ जणांचं. शूटिंग एकोणीस दिवस, तेही सलग नव्हे, सात महिन्यांतले रविवार आणि सुट्ट्या. एकूण खर्च एक लाख साठ हजार. एवढ्यात त्यांच्या लो बजेटवाल्यांची एक पार्टी होते.

जे आपोआप बिघडलं ते आधी, पटकन. वस्तीत जनरेटर परवडणार नव्हता, विहारातून वायर ओढली. दोन लाइट आणि समोरच्या वहिनीचा मिक्सर एकदम चालू झाले की फ्यूज उडायचा. मग वहिनी आणि कॅमेरामन यांच्यात करार झाला, वाटण आधी, सीन नंतर. जुनी हार्ड डिस्क एके सकाळी मेली. अकरा मिनिटं गेली. त्यात एका म्हातारीनं मुकादमाला घातलेल्या शिव्या होत्या, अशा की संतसाहित्यात आणि गावकुसात मिळून सापडणार नाहीत. तिला म्हटलं, आज्जी, पुन्हा एकदा. म्हणाली, एकदा सांगितलं ना बाबा, पुन्हा काय, मी काय टेपरेकॉर्डर हाय? गेलं ते गेलं. पोरगीचं काम करणाऱ्या मुलीनं पाचव्या रविवारी शाळेच्या गॅदरिंगसाठी केस कापून टाकले. त्यापुढच्या सगळ्या सीनमध्ये तिच्या डोक्याला ओढणी आहे. कुणाच्या लक्षात आलं नाही.

हे असलं चालायचंच. यावर आम्ही रडत नाही.

आता बिघडवलेलं. नायकाच्या गावाकडचे तीन सीन होते. मराठवाड्यातलं एक गाव, तिथं एक पडीक वाडा. मालकानं चहा पाजला, वाडा दाखवला, दोन हजार ॲडव्हान्स घेतला. दुसऱ्या दिवशी आमची गाडी आली. गाडीच्या काचेवर निळ्या रंगात दोन अक्षरं होती, ती तुम्हाला सांगायला नकोत. मालक गाडीकडे बघतो, आमच्याकडे बघतो. म्हणतो, पाव्हणं, तुम्ही कुणापैकी? आम्ही म्हटलं, माणसांपैकी. तो हसला. रात्रीतून त्याच्या घरात सुतक पडलं! मेलं कोण ते मात्र सांगता येईना. पैसे परत दिले, हातात नाही, ओट्यावर ठेवले. आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या एकाही माणसाकडे आम्हाला भाड्यानं द्यायला खाट उरली नाही.

सीन सोडणार कसा? दार बंद तर बंद. आम्ही त्या बंद दरवाज्यासमोर, रस्त्यावरून, लांबून एकच शॉट लावला. नायक येतो, दाराकडे बघतो, वळतो, जातो. पुढं एका समीक्षकानं नेमकं त्याच फ्रेमचं कौतुक केलं. अवकाशाची सखोल जाणीव, म्हणाला. अरे बाबा, ती जाणीव आम्हाला कुठल्या युरोपियन मास्टरनं नाही दिली. वाड्याच्या मालकानं दिली.

तर ही अशी असते आमची शैली. त्यांच्याकडे शैली निवडतात. आमच्याकडे दार बंद होतं आणि उरेल तिला शैली म्हणायचं.

आवाजाचं बघा. फिल्म स्कूलमधून शिकून आलेला एक पोरगा आला होता मदतीला. मनानं चांगला. हेडफोन लावून म्हणाला, मला दोन मिनिटं शांतता द्या, रूम टोन घ्यायचाय. दहा बाय दहाची खोली, भिंतीपलीकडं कुकरच्या शिट्ट्या, डोक्यावर पोटमाळ्यावर बाळ रडतंय, मागून लोकल, गल्लीत कोंबडीवाला आणि क्रिकेट. तो म्हणाला, ही लोकेशन साउंडला नालायक आहे. मी म्हटलं, दोस्ता, शांतता ही इस्टेट आहे. ती मलबार हिलला विकत मिळते, जाड भिंती आणि झाडांसकट. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ती नव्हती, तरी याच आवाजात आम्ही अभ्यास केला, मेलेल्यावर रडलो, बायकोच्या कानात बोललो. मग तुझा मायक्रोफोन का नाही बोलू शकत? रंगाऱ्याची काठी घेतली, तिला माइक बांधला, माणसाच्या तोंडाजवळ नेला आणि बाकी वस्ती वाजू दिली. कुकर वाजतो तिथं कुकर. गाडी जाते तिथं दोघं बोलायचे थांबतात, वस्तीत माणसं असंच थांबतात आणि गाडी गेली की अर्धं वाक्य पुरं करतात. हे डबिंगच्या थंडगार खोलीत बसून सुचेल कुणाला?

भाऊराव कऱ्हाडेनं जमीन विकून ‘ख्वाडा’ केला, माळरानावर जागच्या जागी आवाज घेतला, आणि २०१५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याच आवाजाला पुरस्कार मिळाला. म्हणजे माळ बोलू शकतो. बोलू द्यायचं असतं.

आता मुख्य गोष्ट. गटाराचा सीन.

स्क्रिप्टमध्ये आधी एक डुक्करही होतं. चौकशी केली. २००१ च्या नियमांनुसार जनावराला कॅमेऱ्यासमोर उभं करायचं तर नोंदणी, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी, फी, डॉक्टरचा दाखला. नियम वाईट नाही, मुक्या जनावरांचे सिनेमावाल्यांनी कमी हाल केलेले नाहीत. आम्ही डुक्कर कापलं, म्हणजे स्क्रिप्टमधून. पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला. डुकराला फ्रेममध्ये यायचं तर बोर्डाचा कागद लागतो. माणसाला मॅनहोलमध्ये उतरवायला काय लागतं? दोरी. कधी कधी तीही नसते. कायदा आहे, २०१३ चा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं, २०२३ ला ते तीस लाख केले. भरपाई वाढत गेली. माणूस उतरायचा थांबला नाही. ठेकेदार कोर्टाचं पुस्तक वाचत नाही, तो फक्त अंधार पडायची वाट बघतो.

अशा वेळी एक शहाणा सल्लागार आम्हाला भेटला. नाव नको. फेस्टिव्हलांत ऊठबस असलेला माणूस. म्हणाला, खरं मॅनहोल घ्या. तुमचा नट पूर्वी ते काम करायचा ना? मग उतरवा त्याला. दोन मिनिटांचा शॉट, एकच टेक. बाहेरच्या देशातले लोक खुर्चीवरून उडतील.

दोस्तहो, नीट ऐका हे. हा माणूस कुणी गावगुंड नव्हता. पुरोगामी होता, पत्रकांवर सह्या करणारा होता. आणि तो आम्हाला सांगत होता की आमच्याच माणसाला पुन्हा एकदा गूमुतात उतरवा, ह्या खेपेला कलेसाठी. ठेकेदारानं रोजासाठी उतरवलं, तुम्ही वास्तववादासाठी उतरवा. मायला, यांच्या वास्तववादात श्वास कायम आमचाच कोंडतो!

आम्ही उतरवलं नाही. एका सुताराच्या आवारात दोन पत्र्याचे पिंप कापून जोडले, वर प्लायवूड, त्यावर सिमेंटचा हात, भंगारवाल्याकडून एक तुटकं लोखंडी झाकण. चिखल केला मुलतानी माती, चहाचा चोथा, लाकडाचा भुसा आणि जळकं तेल घालून. नट आत उतरला, वर बघून म्हणाला, समदं बरोबर हाय, निस्ता वास न्हाय. मग हसला. त्याचं हसणं कॅमेऱ्यात आलं, ते आम्ही ठेवलं. सिनेमात तो उतरताना हसतो. लोक विचारतात हे हसणं कसं सुचलं. ज्याला वास माहीत आहे त्याला सुचलं, असं आम्ही सांगतो.

त्या शहाण्यानं नंतर पिक्चर बघितला. म्हणाला, गटार नकली वाटतं. असू दे. माणूस जिवंत आहे.

आता एक कडू गोष्ट आपल्याच लोकांसाठी. लो बजेट म्हणजे कुणाच्या तरी खिशातून काढलेला पैसा, एवढाच त्याचा अर्थ. पडद्यावर जी काटकसर दिसते ती खरी कुठं झालेली असते? लाइटबॉयच्या रोजात. स्पॉटवरच्या पोराच्या जेवणात. शिकाऊ म्हणून राबवलेल्या असिस्टंटच्या झोपेत. मोठ्या युनिटात जेवायची तीन टेबलं असतात, हिरोचं वेगळं, टेक्निशियनचं वेगळं आणि कामगारांचं वेगळं. जात कुठं गेली म्हणून जे विचारतात त्यांनी दुपारी दीड वाजता सेटवर यावं.

आणि आपण? आपण तर त्याहून सोपी युक्ती काढली आहे. चळवळीचं काम आहे, पैसे कसले मागतोस? शाहीर फुकट. पेंटर फुकट. कॅमेरावाला पोरगा फुकट. ढोलकीवाल्याला नारळ आणि शाल. आमचा नट रोजावर जगतो. एक दिवस शूटिंगला आला की कामावर खाडा पडतो, खाडा पडला की चूल अडते. त्याला आम्ही म्हणणार, बाबासाहेबांच्या विचारासाठी उपाशी राहा? बाबासाहेबांनी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी १९३६ साली पक्ष काढला त्याचं नावच स्वतंत्र मजूर पक्ष होतं. एक लाख साठ हजारांतले एकसष्ट हजार आम्ही फक्त खाड्यापोटी दिले. कॅमेऱ्याच्या भाड्यापेक्षा जास्त. एका निर्मात्यानं हिशेब बघून कपाळाला हात लावला, म्हणाला, ॲक्टरवर एवढा खर्च लो बजेटमध्ये करत नाहीत. करत नसतील. आम्ही करतो. त्यासाठी दोन सीन कमी केले आणि ड्रोनचं खूळ सोडून दिलं. आकाशातून आमच्या वस्तीकडे बघायला पालिकेचे बुलडोझरवाले आहेतच की.

मार्ग नाही असं नाही. आपण ज्यांचं नाव घेतलं त्या काळ्या माणसांकडे बघा. १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत पँथर हे नाव उचललं, त्याच सुमाराला लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत चार्ल्स बर्नेट नावाचा काळा विद्यार्थी शनिवार-रविवार कॅमेरा घेऊन फिरत होता. कत्तलखान्यात मेंढ्या कापणाऱ्या कामगाराची गोष्ट, ‘किलर ऑफ शीप’. खर्च दहा हजार डॉलरच्या आत. नट वस्तीतले, पोरं वस्तीतली, त्यांतलीच काही कामालाही लावलेली. सिनेमा सत्तरीच्या शेवटाला तयार झाला आणि अडकला. कशात? गाण्यांच्या हक्कात. काळ्यांनीच गायलेली गाणी, पण हक्क कंपन्यांचे. ते पैसे मोजून रीतसर थिएटरात लागायला २००७ साल उजाडलं. तीस वर्षं! स्वतःच्या लोकांचं गाणं स्वतःच्या सिनेमात वाजवायला. आपल्याकडच्या भीमगीतांचे हक्क कुठल्या कॅसेट कंपनीकडे आहेत ते एकदा चौकशी करून बघा, म्हणजे ही गोष्ट अमेरिकेची वाटणार नाही. आम्ही म्हणून एकही रेकॉर्ड वापरली नाही. गल्लीतल्या शाहिराकडून नवं गाणं बांधून घेतलं, कागद केला, पैसे दिले.

कोळिकोडला जॉन अब्राहम नावाच्या वेड्यानं १९८४ मध्ये ओडेसा नावाचा गट काढला. गावोगाव फिरून लोकांना सिनेमे दाखवायचे, समोर कापड पसरायचं, पडतील ते पैसे. त्यातून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ झाला. गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले आणि १९७६ ला श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ झाला. दोन रुपये! आणि आपण? चौदा एप्रिलच्या एका रात्रीला एका एका मंडळाचा डीजे किती घेतो हे मी इथं लिहीत नाही, तुम्हीच वर्गणीची पुस्तकं काढून बघा. भिंत हलते, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, सकाळी कानात शिट्टी उरते. जयंती व्हावी, दणक्यात व्हावी, आमच्या बापजाद्यांना ढोल वाजवायला होता, नाचायला नव्हता. नाचा. पण त्या फ्लेक्सवर ज्यांचे गॉगल घातलेले चेहरे असतात त्या आपल्या पुढाऱ्यांकडे आम्ही गेलो होतो. एकानं विचारलं, यात माझं काम काय? म्हटलं, काही नाही साहेब, फक्त पैसे द्यायचे. त्यांना मीटिंग आठवली.

सिनेमा झाला म्हणजे सुटलो असं नाही. सेन्सॉर आहे. २०२५ साली जोतीराव फुल्यांवरचा हिंदी सिनेमा यायचा होता अकरा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी. जातींची नावं काढा, पेशवाई शब्द काढा, असं सेन्सॉर बोर्डानं सुचवलं, आणि सिनेमा लागला पंचवीस तारखेला. फुल्यांच्या आयुष्यातून जात काढली तर उरतं काय? पगडी. त्याच वर्षी ‘चल हल्ला बोल’ या मराठी सिनेमाचं प्रमाणपत्र अडलं. त्यात नामदेव ढसाळांच्या कविता होत्या. आणि बोर्डाकडून विचारलं गेलं, कोण हे ढसाळ? अशी बातमी वर्तमानपत्रांनी छापली. या शहराच्या तोंडावर या शहराची भाषा फेकून मारणारा माणूस, आणि मुंबईतल्या खुर्चीला तो कोण ते माहीत नाही! तमिळनाडूत दिव्या भारतीनं हातानं मैला उचलणाऱ्यांवर ‘कक्कूस’ नावाची डॉक्युमेंटरी केली, २०१७ ला तिचे शो पोलिसांनी बंद पाडले. तिनं ती इंटरनेटवर टाकून दिली. लोकांनी बघितली.

कुणी म्हणेल, एवढं आहे तर मग करता कशाला? रमाबाई नगर आठवा. ११ जुलै १९९७. पुतळ्याची विटंबना, माणसं रस्त्यावर, पोलिसांचा गोळीबार, दहा ठार. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. पोलीस म्हणाले, गॅसचे टँकर पेटवणार होते म्हणून गोळ्या घातल्या. अशा वेळी कुणाकडे कॅमेरा असतो आणि कुणाकडे नसतो याला अर्थ येतो. आनंद पटवर्धन तिथून जो मागं लागला तो चौदा वर्षं, तेव्हा कुठं ‘जय भीम कॉम्रेड’ झाला. तो माणूस आमच्या जातीचा नाही, त्यानं केलं, चांगलं केलं. पण दर वेळी कुणी तरी येईल आणि आपलं मढं चित्रित करून ठेवील या भरवशावर बसायचं का?

बहात्तर साली स्टेन्सिल हातानं कापलेली होती, शाई पसरायची, अर्ध्या कॉप्या फिक्या निघायच्या. आपल्या पोरांच्या त्या अंकांना ‘लो बजेट साहित्य’ म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण त्यात जे लिहिलेलं होतं ते अंगावर यायचं. आता स्टेन्सिल खिशात आहे, तिच्यावर फोनही येतात. नागराज मंजुळेनं ‘फँड्री’साठी सोमनाथ अवघडे हा पोरगा गावातून, हलगी वाजवणाऱ्यांतून उचलला, कुठल्या अभिनयाच्या क्लासमधून नाही. अशी पोरं प्रत्येक वस्तीत उभी आहेत.

तेव्हा हे. आमचा सिनेमा थिएटरात लागलेला नाही. मल्टिप्लेक्सवाला म्हणतो सकाळी सव्वानऊचा शो देतो, तोही पैसे भरा. सकाळी सव्वानऊला आमचा प्रेक्षक नाक्यावर काम शोधत उभा असतो. म्हणून आम्ही दोन पांढऱ्या चादरी शिवून पडदा केलाय. प्रोजेक्टर भाड्यानं, एका रात्रीचे बाराशे. स्पीकर एका बँडवाल्याचा, लग्न नसेल त्या दिवशी. आतापर्यंत अकरा वस्त्यांत दाखवला. समोर कापड पसरतो. सगळ्यात कमी जमले तेव्हा चारशे दहा, सगळ्यात जास्त सात हजार. कुर्ल्यात अर्ध्यावर पाऊस आला, लोक उठले नाहीत, ताडपत्री आणून पडद्यावर न टाकता प्रोजेक्टरवर टाकली. पुढची खेप घाटकोपर, मग कल्याणच्या पलीकडे. ज्यांच्या गल्लीत वीस फूट भिंत आणि एक प्लग पॉइंट आहे त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर कळवावं. वहिन्यांना सांगून ठेवा, नऊ ते सव्वादहा मिक्सर बंद.